बाळोती, आरसे आणि नवकंकरी

जर्मनीतल्या आखेनला येऊन पावणेदोन वर्षं झाली होती आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये, ज्याला सगळे डोम म्हणतात, मी फक्त दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा पाऊस आला म्हणून. भेटायचं ठरलं की आम्ही एलिझेनब्रुननला भेटायचो (गंधकाच्या पाण्याचं कारंजं आहे, सडक्या अंड्याचा वास येतो, सवय होते) आणि डोम तिथून दोन मिनिटांवर. पण घराजवळचं देऊळ शेवटी बघायचं असतं तसं झालेलं.

मग जून २०२३ मध्ये गावभर झेंडे लागले. मी स्टेटसला फोटो टाकला आणि आईचा फोन, काय रे कसली जत्रा आहे? शोधलं तर ती खरंच जत्राच निघाली, हायलिग्टुम्सफार्ट, दर सात वर्षांनी भरते आणि हे १३४९ पासून चालू आहे. खरं तर २०२१ ला व्हायची होती पण कोरोनामुळे दोन वर्षं पुढं गेली, म्हणून माझ्या नशिबात आली. आणि दर्शन कशाचं तर चार कापडांचं. मेरीचा अंगरखा, बाळ येशूची बाळोती, क्रूसावर येशूच्या कमरेला होतं ते वस्त्र, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं ज्यात गुंडाळलं ते फडकं.

आता मी इचलकरंजीचा, घरी बाबांचे चौदा माग, आणि इथं आलोय टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला. मला कापड बघायला रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, मी गेलोच. सोबत आमच्या फ्लॅटमधला वसईचा दोस्त, तो कॅथलिक, त्यामुळे कुठं गुडघा टेकायचा कुठं गप्प बसायचं ते त्याला माहीत. तरी मी गोंधळ घातलाच. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, सगळे उठून पुढं निघाले तसा मीपण निघालो, मला वाटलं प्रसादाची रांग आहे, त्याने मागनं शर्ट ओढला आणि कानात म्हणाला, अरे बस, कम्युनियन आहे, तुझ्यासाठी नाही. मी म्हटलं प्रसादाला कोण नाही म्हणतं का? तो म्हणाला आमच्यात म्हणतात. नंतर त्यानेच सांगितलं की छातीवर दोन्ही हात आडवे धरून गेलं तर फादर नुसता आशीर्वाद देतात. हे आधी सांगायला काय झालं होतं!

ती कापडं एरवी सोन्याच्या पेटीत असतात, मारियनश्राइन, १२३९ ला पूर्ण झालेली. तिच्या कुलपाची गोष्ट मला सगळ्यात आवडली. बंद करताना कुलपात शिसं ओततात आणि किल्ली कापून तुकडे करतात, एक भाग शहराकडे, एक चर्चकडे. म्हणजे सात वर्षांनी किल्लीचा उपयोगच नाही, कुलूप फोडावं लागतं, आणि ते काम सोनाराचं. देवस्थानच्या कमिटीत कोणाचा कोणावर विश्वास नसतो ही गोष्ट बहुतेक जगभर सारखीच असणार.

अंगरखा लांबून दिसला, फिकट रंगाचा, मधे काच आणि माणसं. खरं सांगायचं तर मी वीण बघत होतो. भक्तिभाव वगैरे नंतर, आधी नजर तिकडेच जाते, लहानपणापासून तागे तपासायची सवय. पण तेवढ्या अंतरावरून काय कळणार, लोक ढकलत नसले तरी पुढं सरकावंच लागतं, पंढरपुरात पायावर डोकं टेकतोय तोवर खांद्याला धरून पुढं करतात तसं नाही पण रांग थांबत नाही. बाळोत्यांबद्दल अशी कथा आहे की योसेफकडे बाळाला गुंडाळायला काहीच नव्हतं म्हणून त्याने स्वतःचे मोजे काढून दिले. हे ऐकून आईला एकदम गहिवरून आलं, अंगरख्याचं तिला काही वाटलं नाही, मोज्यांचं वाटलं.

आरशांची गोष्ट तर भारीच आहे. जुन्या काळी गर्दी एवढी व्हायची की ही कापडं वरच्या गॅलरीतून दाखवायचे आणि खाली लोक मातीची शिंगं फुंकायचे. आणि हातात छोटे आरसे वर धरायचे, का तर त्या पवित्र वस्तूंचं तेज आरशात पकडून घरी न्यायचं, गावाकडच्या आजारी माणसाला दाखवायचं. हे आरसे बनवायच्या धंद्यात कोण पडला होता माहितीये, गुटेनबर्ग! छापखानेवाला! १४३९ च्या यात्रेसाठी त्याने भागीदार गोळा केले, पैसे घातले आणि यात्राच एक वर्ष पुढं गेली. भागीदारांशी वाद, कोर्टकचेरी, सगळं झालं. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणते, मग हे आपल्या किरणोत्सवाच्या उलटं झालं की, आपल्याकडे कोल्हापुरात किरण येऊन अंबाबाईच्या अंगावर पडतात, आणि हे लोक देवाचे किरण डबीत भरून नेतात. मला हे सुचलं नसतं.

नंतर ऑगस्टमध्ये सेमेस्टर तिकिटावर (विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास) आम्ही केवेलारला गेलो, डच बॉर्डरजवळ. तिथं मेरीचं एक छापील चित्र आहे, तळहाताएवढा कागद फक्त, १६४२ पासून. त्या दिवशी तमिळ लोकांची यात्रा होती, श्रीलंकेतून जर्मनीत आलेली हजारो माणसं, साड्या, गजरे, आणि त्यातले बरेच हिंदू. मेणबत्तीचा धूर, रडणारी पोरं, डबे उघडून जेवण. वसईकर म्हणाला बांद्र्याच्या मोत माउलीला आल्यासारखं वाटतंय. मी मेणबत्ती लावली, थीसिससाठी. लावताना जरा लाज वाटली, पण लावली.

डोमची गाइडेड टूर मी सगळ्यात शेवटी केली. वर शार्लमेन या जुन्या सम्राटाचं सिंहासन आहे, साध्या संगमरवरी फळ्यांचं, फळ्या जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीवर बांधलेल्या चर्चमधून आणल्या असं मानतात, आणि त्याखालून यात्रेकरू वाकून जायचे. गाइड राज्याभिषेकाचं सांगत होती, ९३६ ते १५३१ मध्ये इथं एकतीस राजे झाले वगैरे, आणि माझं लक्ष बाजूच्या फळीवर. त्यावर कोणीतरी चौकोनात चौकोन चौकोनात चौकोन कोरलेले. नवकंकरी, सोंगट्यांच्या खेळाचा पट! आमच्याकडे किल्ल्यावर, देवळाच्या पायरीवर असते तीच. सिंहासन व्हायच्या आधी कुठंतरी फरशी असताना कोणी रिकामटेकड्याने कोरली असेल, रोमन शिपाई होते असंही म्हणतात. मी एवढ्या जोरात अरे म्हटलं की पुढच्या आजीबाई दचकल्या. अख्ख्या डोममध्ये मला ओळखीचं वाटलेलं पहिलं काय, तर हे.

रात्री घरी फोन केला. आईला नवकंकरीचा फोटो पाठवला, ती खूश. बाबा आतापर्यंत या सगळ्यात काही बोलले नव्हते, मागून मागांचा आवाज येत होता. त्यांनी फोन घेतला आणि विचारलं, ते कापड, कसर कशी लागली नाही त्याला? मी म्हटलं रेशमात गुंडाळून बंद पेटीत ठेवतात. परत कधी उघडणार? म्हटलं २०२८. "मग तोवर तिथंच नोकरी लागली तर पुढं जाऊन उभा राहा, आणि मधलं काय बघू नको, किनार बघ. किनार बघितली की माग कसला होता ते कळतं."