मिरचीच्या वीस वाणांची मोजणी: माझा अनुभव

मिरचीच्या वाणांतला फरक किती जनुकांमुळे आणि किती वातावरणामुळे, हे मोजून निवड करायची होती. वीस वाण, तीन पुनरावृत्त्या (प्रत्येक वाण तीनदा), म्हणजे साठ प्लॉट. ज्वाला, पंत सी-1, फुले ज्योती, संकेश्वरी, ब्याडगी आणि बाकी गावरान. रोपं 35-40 दिवसांची झाल्यावर 60 बाय 45 सेंटिमीटरवर लावली. नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) आठवड्याच्या आत भरल्या. प्रत्येक प्लॉटमधली कडेची झाडं सोडून आतल्या पाच झाडांना फुलं येण्याआधीच दोरा बांधला. फळं लागल्यावर निवडायला गेलं की हात आपोआप चांगल्या झाडाकडेच जातो. बोकड्याची (पानं आकसणाऱ्या रोगाची) झाडं वेगळी नोंदवली, नाहीतर रोगाचा फरक वाणाच्या खात्यावर जमा होतो.

आकडेमोड त्यामानाने सोपी. समजा फळांच्या संख्येसाठी वाणांची वर्ग-सरासरी (मीन स्क्वेअर, म्हणजे फरकांच्या वर्गांची सरासरी) 620 आणि त्रुटीची, म्हणजे एकाच वाणाच्या प्लॉटांमधल्या फरकाची, 20 आली. वजाबाकीला पुनरावृत्त्यांच्या तीनने भागलं की जनुकीय विचरण (जनुकांमुळे पडणारा फरक) 200, त्यात त्रुटी मिळवून दृश्य विचरण (दिसणारा एकूण फरक) 220. आनुवंशिकता, म्हणजे एकूण फरकातला जनुकांचा वाटा, 91 टक्के. सरासरी 100 फळं धरली तर जीसीव्ही (जनुकीय विचरणाचं वर्गमूळ, सरासरीच्या टक्क्यांत) 14.1, पीसीव्ही (तसंच दृश्य विचरणाचं) 14.8. दोन्ही इतके जवळ असले की वातावरणाचा हात कमी. पण नुसत्या आनुवंशिकतेवर भाळू नये. सर्वोत्तम 5 टक्के वाण निवडले तर अपेक्षित प्रगती 2.06 (5 टक्के निवडीचा स्थिरांक) गुणिले 14.83 (दृश्य विचरणाचं वर्गमूळ) गुणिले 0.909 (आनुवंशिकता), म्हणजे सुमारे 28 फळं. निवडीचा निर्णय खरा यावर. शिवाय एकाच हंगामाचे, एकाच जागेचे आकडे आनुवंशिकता फुगवूनच दाखवतात.

खरी मेख सहसंबंधात. फळांची संख्या वाढली की एका फळाचं वजन घटतं, हे मिरचीत नेहमीचंच. पण उत्पादनाला संख्येने भागून फळाचं वजन काढलं, तर संख्या मोजताना झालेली चूकही उलट्या सहसंबंधासारखी दिसते. म्हणून दुसऱ्या तोड्याची दहा फळं वेगळी तोलली. तोडाही सगळ्यांचा एकच हवा, कारण शेवटच्या तोड्यांत फळं बारीक होत जातात. पाथ ॲनालिसिसमध्येही (प्रत्येक गुणाचा उत्पादनावरचा थेट आणि आडून होणारा परिणाम वेगळा काढण्याच्या पद्धतीत) उत्पादनासोबत संख्या आणि वजन दोन्ही घातली की थेट परिणाम मोठे येणारच, कारण उत्पादन म्हणजे या दोन्हींचा गुणाकारच. मी झाडाची उंची, फांद्या आणि फुलोऱ्याचे दिवस आधी वेगळे तपासले.

निवडलेल्या झाडांच्या कळ्या उमलण्याआधी फांदीवर मलमलची पिशवी बांधली. मिरचीत परपरागीकरण बरंच होतं. उघड्या झाडाचं बी घेतलं, तर पुढच्या हंगामात ब्याडगीच्या ओळीत ज्वालासारखी फळं लटकतात.