शेलमध्ये रिडायरेक्शन: ड्युप२ कुठे आणि कधी

स्वतःचा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लिहिताना फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) आणि एक्झेक (त्या प्रतीत दुसरा प्रोग्रॅम चढवणं) जमलं, साध्या कमांड चालू लागल्या, की पुढचं काम > आणि < यांचं, म्हणजे आउटपुट फाइलमध्ये पाठवणं आणि इनपुट फाइलमधून घेणं. कोड दहा-बारा ओळींचाच असतो. घोळ होतो तो कुठली ओळ कधी चालते यात.

बाहेरच्या कमांडसाठी हे सगळं फोर्कनंतर, चाइल्डमध्ये (नव्या प्रतीत) आणि एक्झेकच्या आधी करायचं. फाइल ओपन करा, ड्युप२ (डिस्क्रिप्टरची प्रत हव्या त्या आकड्यावर बसवणारा कॉल) वापरून तिचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) १ वर, म्हणजे स्टँडर्ड आउटपुटवर (इनपुट असेल तर ० वर) बसवा, मूळचा क्लोज करा, मग एक्झेक. हेच पॅरेंटमध्ये (मूळ शेलमध्ये) केलंत तर पुढचा प्रॉम्प्टही फाइलमध्ये जातो. ओपनने थेट १ हाच आकडा परत दिला असेल (स्टँडर्ड आउटपुट आधीच बंद असताना असं होतं), तर क्लोज करू नका. ड्युप२ तिथे काहीच करत नाही आणि क्लोजने आहे तेही जातं.

> साठी क्रिएट (फाइल नसेल तर बनवा) आणि ट्रंकेट (जुना मजकूर पुसा), >> साठी ट्रंकेटऐवजी अपेंड (शेवटी जोडा). परवानगी ०६६६ द्या, उरलेलं युमास्क (नको त्या परवानग्या वगळणारी सेटिंग) बघतो. पहिलं शून्य मात्र विसरू नका: दशमान ६६६ म्हणजे अष्टमान १२३२, आणि मग फाइल ज्याची त्यालाच वाचता येत नाही. ओपन फसलं तर एरर छापून _एक्झिट करा. साध्या एक्झिटने पॅरेंटकडून आलेला बफर (लिहायचा राहिलेला मजकूर) पुन्हा रिकामा होतो आणि तोच मजकूर दोनदा दिसतो.

पार्सरने (कमांडची ओळ तोडून वाचणाऱ्या भागाने) > आणि फाइलचं नाव आर्ग्युमेंटमधून काढून टाकायचं, नाहीतर एलएस बिचारं > नावाची फाइल शोधत बसतं.

क्रम डावीकडून उजवीकडेच पाळा. 'मेक > लॉग २>&१' मध्ये आधी १ लॉगकडे जातो, मग २ (एररचा डिस्क्रिप्टर) त्याची नक्कल करतो; दोन्ही लॉगमध्ये. 'मेक २>&१ > लॉग' लिहिलं की २ ला जुना १, म्हणजे टर्मिनल मिळतं आणि एरर पडद्यावरच राहतात. इनपुटसाठी एक आणि आउटपुटसाठी एक असे दोन व्हेरिएबल ठेवणाऱ्या शेलला हा फरक कळूच शकत नाही. रिडायरेक्शनची क्रमवार यादीच ठेवा. पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारा जोड) असेल तर तो आधी जोडा, ही यादी नंतर चालवा.

खरी कसोटी बिल्ट-इनची. इको किंवा पीडब्ल्यूडी शेलच्याच प्रोसेसमध्ये चालतात, तिथे फोर्क नाही. म्हणून आधी एफफ्लश (बफरमधलं लिहून टाकणं), मग १ ची प्रत काढून ठेवा, ड्युप२ करा, कमांड चालवा, पुन्हा एफफ्लश, आणि प्रत १ वर परत बसवा. दुसरा एफफ्लश राहिला तर फाइल रिकामी राहते आणि मजकूर नंतर टर्मिनलवर उमटतो, कारण तो तोवर बफरमध्येच पडून होता. प्रत साध्या ड्युपने काढली तर ३ वर बसू शकते आणि कुणी ३> लिहिलं की पुसली जाते. त्यापेक्षा एफसीएनटीएलने १० किंवा त्यापुढचा आकडा मागा, क्लोज-ऑन-एक्झेकसह (एक्झेक होताच तो आपोआप बंद होतो).