पाच वर्षांचे सलग, की तीन आणि मग दोन?

बारावीचा निकाल लागला की सांगलीतल्या आमच्या घरी ओळखीचे पालक येतात आणि चहा होण्याआधीच विचारतात, "सर, इंटिग्रेटेड एमबीएला घालू, की आधी बीबीए करून मग एमबीए?" मी कॉमर्स कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवतो, म्हणून हे माझ्याकडे येते. इंटिग्रेटेड म्हणजे बारावीनंतर थेट पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम; दुसरी वाट म्हणजे बीबीए ही व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी आणि मग दोन वर्षांचे एमबीए. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सलग अभ्यासक्रमात वर्ष वाचते हा समज आधी बाजूला ठेवावा, कारण तीन आणि दोन मिळूनही पाचच होतात. वाचते ती दुसरी प्रवेश परीक्षा, आणि तिची धास्ती. दुसरा समज असा की एमबीएसाठी बीबीए लागते. तसे मुळीच नाही; कॅट या आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेला किंवा राज्याच्या एमबीए सीईटीला कोणत्याही शाखेची पदवी चालते, अट असते ती गुणांच्या टक्केवारीची. उलट बीबीए करून एमबीएला गेलेली मुले मला सांगतात की पहिल्या वर्षी मार्केटिंगचे तेच चार 'पी' (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) आणि तोच ना-नफा-ना-तोटा बिंदू पुन्हा शिकावा लागला. बीबीए आणि त्याच धर्तीच्या बीएमएसचे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या कक्षेत आल्याने महाराष्ट्रात त्यांनाही सीईटी द्यावी लागते, हे मात्र अनेकांना अर्ज भरायची मुदत टळल्यावरच कळते.

सलग अभ्यासक्रम वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. इंदूरच्या आयआयएमने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तिथली मुले चौथ्या वर्षापासून, पदवीनंतर कॅट देऊन एमबीएला आलेल्यांच्या बरोबरीने वर्गात बसतात. तिथे प्रवेश मिळत असेल आणि खर्च झेपत असेल, तर माझ्याकडे विचारायला येऊ नये, सरळ जावे. प्रश्न उरतो तो त्याच नावाची पाटी लावलेल्या, पण त्या तोडीचे शिक्षक आणि सोबती नसलेल्या संस्थांचा.

माझ्या भावाच्या मुलाने अशाच एका ठिकाणी प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी त्याला उमगले की आपला जीव मानसशास्त्रात आहे. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते असे प्रवेशाच्या वेळी तोंडी सांगितले होते. प्रत्यक्षात त्यासाठी ठरावीक तारखेच्या आत लेखी अर्ज करायचा होता, ती तारीख उलटून गेली होती, आणि शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता बँकेतून थेट कॉलेजच्या खात्यात जमा झाला होता. त्याने पाचही वर्षे पूर्ण केली. आज नोकरी आहे, पण त्या विषयावर घरात कोणी बोलत नाही.

माझी एक विद्यार्थिनी मात्र बीकॉमनंतर दोन वर्षे इथल्या मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याकडे खतावणी लिहीत होती. उघड लिलावात भाव कसा चढतो, शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाची पट्टी कशी करतात, माल गोदामात ठेवून वखार पावतीवर बँक कर्ज कसे देते आणि भाव पडला की व्यापाऱ्याची झोप कशी उडते, हे तिने रोज पाहिले. कॅटनंतरच्या मुलाखतीत खेळत्या भांडवलाबद्दल, म्हणजे धंद्याच्या रोजच्या व्यवहारात फिरणाऱ्या पैशाबद्दल, विचारले तेव्हा तिने पुस्तकातली व्याख्या न सांगता त्या गोदामातल्या पोत्यांचा हिशेब मांडला, आणि तिची निवड झाली. (व्यापारी अजून तक्रार करतो की चांगली पोरगी आम्ही पळवली.) पदवी आणि एमबीए यांच्या मधली ही फट मला सर्वांत मोलाची वाटते; सलग अभ्यासक्रम नेमकी तीच बुजवतो, आणि सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय बाविसाव्या वर्षापर्यंत ओढत नेतो.

म्हणून मी पालकांना दोनच गोष्टी लेखी आणायला सांगतो: तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडल्यास कोणती पदवी, कोणत्या अटीवर, आणि चौथ्या-पाचव्या वर्षाची फी किती. परवा एक गृहस्थ माहितीपत्रक घेऊनच आले. चौथ्या वर्षाच्या फीच्या रकान्यात 'नियमानुसार' एवढाच शब्द होता. ते विचारून येतो म्हणाले आहेत.