खजुरी बाजारात जुनी पुस्तके घेताना

आज दुपारी अकरावीत गेलेल्या भाचीला घेऊन इंदूरच्या खजुरी बाजारात जुनी पुस्तके घ्यायला गेले होते आणि छापील किमतीच्या जवळपास निम्म्या पैशांत तिचा विज्ञानाचा बहुतेक संच मिळाला. जूनमध्ये आमच्या रामबागेतल्या अनेक घरांत हाच खर्च डोळ्यांसमोर असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

किमतीची घासाघीस करण्याआधी आवृत्तीचे वर्ष पाहावे. एनसीईआरटीने 2022 मध्ये अकरावीच्या रसायनशास्त्रातून हायड्रोजन, पर्यावरणीय रसायन अशी काही प्रकरणे वगळली, त्यामुळे त्याआधीच्या प्रतीत प्रकरणांचे क्रमांक जुळत नाहीत. मात्र अशी प्रत फारच स्वस्त मिळत असेल आणि अनुक्रमणिकेवर खुणा करून घेण्याची तयारी असेल, तर ती घ्यायला माझी हरकत नाही. सहावीची पुस्तके मात्र 2024 मध्ये पूर्णपणे बदलली, तेव्हा तिथे जुनी प्रत घेऊच नये.

दुसरे म्हणजे पृष्ठक्रमांक सलग आहेत का, हे तिथेच उभे राहून तपासावे. आज भौतिकशास्त्राच्या एका कोऱ्या दिसणाऱ्या प्रतीत 48 नंतर थेट 65 वे पान होते, म्हणजे बांधणीत सोळा पानांचा अख्खा फर्माच राहून गेला होता. समासातल्या पेन्सिलीच्या टिपणांनी काही बिघडत नाही, उलट एखाद्या मन लावून शिकणाऱ्या मुलाची टिपणे मिळाली तर ती मोलाचीच. पण सरावसंचात पेनाने उत्तरे भरलेली असतील तर ते पुस्तक बाजूला ठेवावे. वर्षाअखेरीस पुस्तके परत घेणार का आणि किती किमतीला, हे पैसे देण्यापूर्वीच दुकानदाराला विचारून घ्यावे.