१७८० चा थेलर, टाकसाळ मुंबई

"बघा, १७८० लिहिलंय. अडीचशे वर्षं जुनं नाणं!" आज प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरचं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

नाणं होतं मारिया तेरेसा थेलर: ऑस्ट्रियाच्या राणी मारिया तेरेसाच्या नावाचं मोठं चांदीचं नाणं. राणी १७८० मध्ये वारली. पुढे व्यापारासाठी पाडलेल्या प्रत्येक थेलरवर तेच साल राहिलं. इटलीने १९३५ मध्ये इथिओपियासाठी रोममध्ये पाडले, मग लंडनने. १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टाकसाळीनेही! व्हिएन्ना तर आजही पाडते. सालावरून वय कळत नाही.

मागची बाजू मात्र निवांत बघा. दुतोंडी गरुड, त्याच्या छातीवर ढाल. ढालीचे चार भाग: हंगेरी, बोहेमिया, बरगंडी आणि बुर्गाऊ (आजच्या दक्षिण जर्मनीतला छोटा प्रांत). मध्यभागी छोट्या ढालीवर ऑस्ट्रियाचा आडवा पट्टा. एवढ्याशा बुर्गाऊला ढालीत जागा मिळाली, कारण हा साचा तिथल्या ग्युन्झबुर्ग टाकसाळीचा. पुढच्या बाजूला, राणीच्या खांद्याखालची एस. एफ. ही अक्षरंही तिथल्याच टाकसाळ-अधिकाऱ्यांची आद्याक्षरं.

घेताना वजन कराच: २८.०७ ग्रॅम, चांदी हजारात ८३३ भाग. कडेवर उठावदार लॅटिन अक्षरं हवीत. ओतीव नकलेत तीच आधी बुजतात, कारण साच्याचा जोड कडेवर येतो आणि तो घासावा लागतो.

मुंबईत पाडलेला थेलर कुणाच्या संग्रहात आहे का?