चुना न पोचलेली भिंत

तडा जुना की नवा, हे ओळखायची माझी एक सोपी रीत होती. टॉर्च मारायचा आणि आत चुना दिसतोय का बघायचं. डच खेड्यांतल्या चर्चच्या भिंतींना गेल्या चारशे वर्षांत किती वेळा चुन्याचा हात दिला गेला असेल, त्याची गणती नाही. पातळ चुना मिळेल त्या भेगेत शिरतो. त्यामुळे भेगेच्या पोटात पांढरं दिसलं, की ती निदान शेवटच्या रंगकामापेक्षा जुनी. कडा धारदार, आत विटेचा ताजा लाल रंग आणि खाली फरशीवर भुकटी असेल, तर नवी. या रीतीवर मी दोन वर्षं निभावली होती. 2016 च्या फेब्रुवारीत तिनं दगा दिला.

तेव्हा मी ग्रोनिंगेन प्रांतात जुन्या इमारतींच्या पडझडीची मोजणी करत होते. 1959 साली तिथे स्लोख्तेरेनजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. तो उपसता उपसता खालचा वाळूचा खडक दबत गेला आणि भूकंप व्हायला लागले. सगळ्यात मोठा 16 ऑगस्ट 2012 चा, हौझिंगे गावाजवळचा, 3.6 तीव्रतेचा. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटतो, पण तिथले धक्के जेमतेम तीन किलोमीटर खोलीवरून येतात आणि वरची जमीन मऊ चिकणमातीची. त्यात या प्रांतात मध्ययुगीन विटांची चर्चेस गावोगाव आहेत.

त्या दिवशीचं चर्च तेराव्या शतकातलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, गाव म्हणजे तरी काय, वीस-पंचवीस घरं. चर्च मात्र टेकाडाच्या माथ्यावर. समुद्राला बांध घालण्याआधी लोकांनी पुरापासून वाचायला माती आणि शेण टाकून टाकून हे उंचवटे केले. त्यांना तिथे 'वीर्डे' म्हणतात. असल्या भरावावर चर्च बांधलं की ते सगळीकडे सारखं खचत नाही. जड मनोरा जास्त खचतो आणि जाताना चर्चच्या भिंतीला सोबत ओढतो. गार्मरवोल्डे किंवा झेराइपला गेलात तर मनोरा चर्चपासून सुटा उभा दिसेल. वरून विटांचं कमानी छत भिंतींना बाहेर रेटत असतं ते वेगळंच. थोडक्यात, वायूचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून या भिंती तडकत आल्या आहेत. तडा भूकंपाचा की आधीचाच, हा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

किल्ली कॉस्टरबाईंकडे होती. कॉस्टर म्हणजे चर्चची झाडलोट, घंटा, दिवे, सगळं बघणारी व्यक्ती. या बाई सत्तरीच्या पुढच्या, पायात लाकडी बूट, हातात कोपराएवढी लोखंडी किल्ली. मी त्यांना डचमध्ये 'उ' म्हणत होते, म्हणजे आपलं 'तुम्ही'. दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "'उ' देवाला म्हणतात. मला 'ये' म्हण." माझ्या तोंडून काही ते निघेना. मराठीतसुद्धा आजीच्या वयाच्या बाईला एकेरी म्हणायला आधी ती आपली आजी असावी लागते.

मी मूळची वेंगुर्ल्याची. गावात सतराव्या शतकातली डच वखार आहे, पडकी, हे त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग ती झाडतं कोण?" मी टेप काढून मोजायला लागले.

आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. पांढऱ्या भिंती, रंग नाही, मूर्ती नाही. 1594 मध्ये ग्रोनिंगेन शहर पडलं, प्रांत कॅल्व्हिनपंथी, म्हणजे चर्चमध्ये मूर्ती-चित्रं न चालणारा कडक प्रोटेस्टंट झाला, वेद्या हलल्या आणि भित्तिचित्रांवर चुना फिरला. मग मान वळवली ती लाकडाकडे. मधोमध ओकचा प्रवचन-मंच, डोक्यावर आवाज पुढे फेकणारं लाकडी छत. दारं असलेली बाकं, त्यांखाली पाय शेकायच्या लाकडी पेट्या. त्यांत धगधगतं पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली जळाऊ माती, ठेवत. आणि मंचासमोर जमीनदाराचं बाक, हेरेनबँक. बाक कसलं, छोटी खोलीच ती: पिळाचे खांब, छप्पर, वर कोरलेलं कुलचिन्ह. चिन्हाच्या जागी आता फक्त छिन्नीचे घाव. 1795 च्या क्रांतीनंतर सगळे समान ठरले आणि चर्चमधली चिन्हं तासून काढायचा हुकूम निघाला. त्यातही इथल्या सुतारानं सिंह तासला, सिंहाची शेपटी मात्र बाजूला वळलेली होती ती तशीच राहिली. मला ती शेपटी फार आवडली.

तडा याच बाकामागून वर खिडकीपर्यंत गेला होता. वरच्या भागात चुना खच्चून भरलेला, एकावर एक पापुद्रे. मी फॉर्मवर 'जुना' या चौकोनात खूण केली.

"माझ्या डोळ्यांदेखत रुंद झालाय तो," कॉस्टरबाई म्हणाल्या. असं सगळेच म्हणतात, असं मी मनात म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं.

दुपारी सुतार आला. परवानगी घेऊन त्यानं बाकाच्या पाठीच्या दोन फळ्या उतरवल्या. मागे वीतभर पोकळी. बाक इथे बसवल्यापासून या तुकड्यावर कुंचला पोचलाच नव्हता! गिलाव्यावर तांबड्या रंगात विटा रंगवलेल्या आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या दरजा. खऱ्या विटांच्या भिंतीवर गिलावा आणि त्यावर पुन्हा विटांचं चित्र. मध्ययुगातली त्या भागातली ही आवडती हौस, झेराइपच्या छतावर ती अजून बघायला मिळते. आणि या चित्राला उभा चिरत गेलेला तोच तडा, आत चुन्याचा थेंब नसलेला.

माझ्या रीतीप्रमाणे हा नवा. वर जुना आणि खाली नवा, एकच तडा. पेन हातात धरून मी वेड्यासारखी उभी.

मग टॉर्चमध्ये आत काहीतरी पिवळं दिसलं. चिमट्यानं धरून ओढायला गेले, तर ओढावंच लागलं नाही. हात लागताच घसरून तळहातावर पडलं. घड्या घातलेला वर्तमानपत्राचा कागद, काजळीनं काळा, गुरांच्या लिलावाची जाहिरात, वर साल 1923. पाठीला लागणारा वारा अडवायला कुणीतरी कोंबलेला. मी घड्यांची जाडी मोजली: पावणेदोन मिलिमीटर. तिथेच भेगेची रुंदी मोजली: पावणेचार.

कॉस्टरबाई कागदाकडे बघून म्हणाल्या, "गळून पडणारा कागद कोण कोंबेल?"

खरंच. कोंबला तेव्हा तो घट्ट बसला असणार. (जुना कागद नंतरही कोंबलेला असू शकतो, असं सहकारी पुढे म्हणाला. बरोबर आहे. जुना कागद दबून चपटा होतो, हेही बरोबर. पण वरच्या चुन्यातही मध्यावर केसाएवढी ताजी फट होती, पापुद्रे चिरत गेलेली. सकाळी मी ती भिंगाखाली बघितलीच नव्हती. पांढरं दिसलं आणि टॉर्च बंद केला होता.) तडा जुना होता आणि बाईही खऱ्या होत्या.

फॉर्मवर चौकोन दोनच. दोन्हींत खूण केली तर संगणक फॉर्म घेत नाही, हे अनुभवानं माहीत होतं. मी सकाळची खूण खोडली, दोन्ही रिकामे ठेवले आणि 'शेरा' या दोन ओळींच्या जागेत सुरुवात करून मागच्या कोऱ्या पानावर लिहीत गेले. ऑफिसातून चौथ्या दिवशी फोन आला: चौकोन राहिलाय. म्हटलं, राहिला नाही, ठेवलाय.

त्या संध्याकाळी भेगेवर दोन क्रॅक गेज, म्हणजे भेग रुंदावते का ते दाखवणाऱ्या मोजपट्ट्या, चिकटवले. कागद पाकिटात घालून नाव-तारीख लिहिली. बाईंनी विचारलं, आता वारा येईल त्याचं काय? फळ्या लागेपर्यंत उघडंच राहील, म्हटलं. त्यांनी डाव्या हातातला लोकरी मोजा काढला, गुंडाळला आणि गेजना धक्का न लावता भेगेच्या तोंडाशी बसवला. नियमाप्रमाणे मी हरकत घ्यायला हवी होती.

मार्चमध्ये रीडिंग घ्यायला गेले. गेज हलले नव्हते. मोजा तिथेच होता आणि बाई दुसऱ्या हातातला एकटा मोजा घालून किल्ली घेऊन आल्या.