तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटोक्लेव्ह कोणता घेऊ?

दातांचा दवाखाना उघडणारे डॉक्टर असोत की टॅटू-पिअर्सिंगचा स्टुडिओ टाकणारी मुलं, सगळे मला हेच विचारतात: दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं हे मशीन कोणतं घेऊ? मी उलट विचारते, त्यात घालणार काय? किती लिटरचा हवा, टेबलावर मावेल का, हे सगळं ठरलेलं असतं. नेमकं एवढंच राहिलेलं असतं.

आधी आपली अवजारं समोर मांडा. साधे भरीव चिमटे, कात्र्या असतील आणि उघड्याच टाकून लगेच वापरणार असाल, तर एन क्लासचं, म्हणजे सगळ्यात साधं मशीन पुरतं. पण दातांचा हँडपीस (ड्रिल बसवायची मूठ) किंवा टॅटूची ट्यूब आतून पोकळ असते, आणि अवजारं पाउचमध्ये, म्हणजे एका बाजूने कागद असलेल्या पिशवीत बंद करून ठेवायची असतील तरी अडचण तीच: हवा. वाफ धातूवर थंडावून पाणी होते, तेव्हा जी उष्णता सोडते तिच्यात खरा जोर असतो. अरुंद नळीत हवा अडकली की वाफ तिथवर पोचतच नाही. डिस्प्लेवर १३४ अंश दिसत असतात आणि नळीच्या मधोमध नुसती गरम हवा असते. वाफेला त्या तापमानाला ३-४ मिनिटं पुरतात. कोरड्या हवेला १६० अंशांवरही २ तास लागतात. म्हणजे सायकल संपते तेव्हा नळीच्या आतलं काम झालेलंच नसतं. बी क्लासचं मशीन ही हवा व्हॅक्यूम पंपाने आधीच पुन्हा पुन्हा खेचून काढतं. म्हणून पोकळ अवजारांना बी क्लासच घ्या, इथे मी तडजोड सुचवत नाही. या दोघांच्या मधला एस क्लास घेणार असाल तर तो कोणत्या वस्तूंसाठी तपासलेला आहे ते कंपनीकडून लेखी घ्या.

दुसरं वाळवणं. सायकल संपल्यावर पाउचची कागदाची बाजू चाचपून बघा. ओलसर लागली तर तो पाउच बाद. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. गर्दीच्या दिवशी असेच पाउच पुसून ड्रॉवरमध्ये जातात, ते मला बघवत नाही. त्यामुळे विकणाऱ्याला ‘किती मिनिटांत होतं’ असं विचारू नका, ‘भरलेला ट्रे वाळवण्यासकट किती वेळात बाहेर येतो’ असं विचारा.

यूव्हीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या कपाटावर भिस्त ठेवू नका. उजेड जिथे पडत नाही तिथे ते काहीच करत नाही. त्या पैशांत अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी अवजारं धुणारं यंत्र) घ्या, कारण रक्त चिकटलेलं अवजार कुठल्याच मशीनमध्ये नीट निर्जंतुक होत नाही, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो.

सुया, ट्यूब आणि कार्ट्रिज एकदाच वापरून टाकत असाल तर टॅटूला ऑटोक्लेव्ह कदाचित लागणारही नाही. पिअर्सिंगचे क्लॅम्प आणि दागिने मात्र त्यातूनच काढावे लागतात.

पाउचवरची खूण रंग बदलते, त्यावरून तो मशीनमधून गेला एवढंच कळतं. खरी खात्री आठवड्याच्या स्पोअर टेस्टने होते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूचे बीजाणू मेले की नाही ते त्यात दिसतं. ती नापास झाली तर मशीन थांबवायचं आणि मागच्या पास टेस्टनंतरचे सगळे पाउच बाजूला काढायचे. त्या दिवशी काम कशावर चालवणार, राखीव सेट की दुसरं मशीन, हे पहिलं मशीन घेतानाच ठरवा.